डाव्या वाटेवरच्या फिती

१

पडक्या किल्ल्याच्या तुटक्या बुरुजाखाली त्या आर्किटेक्टचा देह सापडला तो रविवार होता. बुधवार उजाडेपर्यंत सगळ्या गावाने खटला चालवून निकालही देऊन टाकला होता. दोष वाट दाखवणाऱ्या पोरीचा. फिती तिने बांधल्या, त्या चुकीच्या वाटेवर बांधल्या, धुक्यात तो भला माणूस फितींमागे चालत गेला आणि दरीत कोसळला. इतकं सरळसोट प्रकरण कुणाला आवडणार नाही?

मावशीला आवडलं नव्हतं. एक तर ती वाट दाखवणारी पोर तिची सख्खी भाची होती. दुसरं म्हणजे मावशीने उभी हयात गुन्हे शाखेत काढली होती, आणि सरळसोट प्रकरणांचा तिला मनापासून राग होता. निवृत्तीनंतर तिचे गुडघे गेले, डोळ्यांवर जाड भिंगं आली, पण राग मात्र अगदी नवा कोरा राहिला होता. त्या बुधवारी तर तो उतू चालला होता, कारण भाचीने आपलं मळकं जॅकेट न विचारता मावशीच्या पांढऱ्या चादरींबरोबर भिजवलं होतं आणि चादरी गुलाबी झाल्या होत्या.

"खिशात काय रंगाची डबी होती का गं?" मावशी न्हाणीघरातून ओरडली.

"उरलेल्या फिती होत्या," भाची म्हणाली. "विसरले."

एरवी ही पोर उलटून दोन शब्द बोलली असती आणि मग दोघींनी भांडत भांडत चादरी पिळल्या असत्या. आता ती जेवणाच्या टेबलाशी भिंतीकडे बघत बसली होती. रविवारपासून ती तशीच होती. मावशीला चादरींचं काही वाटलं नसतं, पण हे बसणं तिला बघवत नव्हतं.

तेवढ्यात दार वाजलं. दारात फौजदार होता. कधीकाळी मावशीच्याच हाताखाली पंचनामा लिहायला शिकलेला, आणि आता पोट सुटलेला.

"मॅडम, उगाच वाढवायचं नाहीये," खुर्चीच्या कडेवर टेकत तो म्हणाला. "निष्काळजीपणा झाला एवढं हिने मान्य करायचं. उद्या ठाण्यात येऊन सही करायची. कोर्टात मी सांभाळून घेतो. परवाना जाईल, थोडीफार शिक्षा होईल, पण मिटेल."

"कुणाचं मिटेल?"

"सगळ्यांचंच."

"तू स्वतः वर गेलास? झाडं बघितलीस?"

"हवालदार गेला होता. त्याने वाटेच्या तोंडाशी पट्टी लावून वाट बंद केलीय. फिती बुरुजाच्या वाटेवर आहेत, डाव्या वाटेवर एकही नाही. आणि मॅडम, गाठही हिचीच आहे. ती एका हिसक्यात सुटणारी. अख्ख्या क्लबला विचारा."

मावशीने त्याच्यासमोर आलेला चहाचा कप उचलला आणि आत नेऊन ठेवला. तो काय समजायचं ते समजला आणि उठला.

दार लागल्यावर भाची पहिल्यांदाच आपणहून बोलली. "मावशी, मला डाव्या वाटेने गेलेलं आठवतंय. पण सगळेच म्हणतायत तर... मीच चुकून बांधल्या असतील. मी सही करते."

२

मावशीने तिला समोर बसवलं आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.

शनिवारी दुपारी पाच जण जंगलातल्या विश्रामगृहावर पोचले. आर्किटेक्ट, त्याची बायको, त्याचा धाकटा भाऊ, भाची स्वतः, आणि क्लबचे अध्यक्ष, ज्यांना सगळे काका म्हणत. काका नेहमी सगळ्यांच्या मागे चालत, म्हणून पोरं त्यांना लाडाने 'शेपूट' म्हणायची. कुणी मागे राहिलं, कुणाचा पाय मुरगळला, तर शेपटाने सांभाळायचं असा क्लबचा रिवाज. पुढे चालणाऱ्याने चढताना झाडांना फिती बांधायच्या. उतरताना शेपटाने त्या एकेक करून सोडत यायचं, कारण जंगलात आपला कचरा ठेवायचा नाही.

आर्किटेक्ट जुन्या इमारती दुरुस्त करणारा होता. त्या संध्याकाळी सगळ्यांनी खालचे अवशेष बघितले, मोठा दरवाजा आणि तटबंदी. दरवाजाच्या आत वाट फुटते. डावीकडे कठडा लावलेला कडा आहे, जिथून सूर्योदय बघायला लोक येतात. उजवीकडे ढासळलेला बुरूज, आणि त्यापुढे काहीच नाही. भाचीने उजेड असतानाच डाव्या वाटेने चढत कड्यापर्यंत फिती बांधल्या, म्हणजे पहाटे लवकर उठेल त्याने आपलं आपण पुढे जावं. मग रात्र पडायच्या सुमारास पाऊस लागला तो पहाटे थांबला. पाठोपाठ धुकं उतरलं. आर्किटेक्ट कॅमेरा घेऊन सगळ्यांच्या आधी निघाला.

"आणि मी खाली चहा करत बसले," भाची म्हणाली.

"चहा करणं गुन्हा नाही. पुढे?"

पुढे काही नव्हतं. सगळे वर गेले तेव्हा फिती उजवीकडे होत्या आणि बुरुजाच्या कडेला एक लेन्सचं झाकण पडलेलं होतं.

मावशी उठली. चप्पल पायात सरकवताना गुडघा कळवळला, तिने त्यालाही एक शिवी दिली. उद्याच्या सहीच्या आत तिला चार माणसांना भेटायचं होतं, आणि त्यातला एक मेलेला होता.

३

आर्किटेक्टच्या ऑफिसात मोठी उतरती टेबलं, भिंतींवर नकाशे आणि कोपऱ्यात पुठ्ठ्याची छोटी घरं होती. धाकटा भाऊ दादाच्या वस्तू खोक्यात भरत होता. डोळे सुजलेले, पण हात भराभर चालत होते. जरा जास्तच भराभर, असं मावशीला वाटलं.

"दादाशी तुमचं भांडण होतं," मावशीने थेट विचारलं. हे तिला खालच्या मजल्यावरच्या झेरॉक्सवाल्याने आधीच सांगितलं होतं.

"होतं. मला नव्या इमारती करायच्या होत्या, दादाला पडक्या भिंती कुरवाळायच्या होत्या. आम्ही वेगळे होणार होतो. म्हणूनच त्याने मला ओढून तिकडे नेलं, चालता चालता बोलू म्हणाला. मी जन्मात कधी डोंगर चढलो नव्हतो. शनिवारी इतका दमलो की झोपेची गोळी घेऊन पडलो. काका त्याच खोलीत होते, विचारा त्यांना. मला सकाळी हलवून उठवावं लागलं."

"कुणी हलवलं?"

"काकांनीच."

त्याने खोक्याभोवती सुतळी गुंडाळली आणि गाठ मारली. मग लक्षात आलं की चष्म्याचं घर आत टाकायचं राहिलं. गाठ सुटेना. नखं लावली, दात लावले, शेवटी वैतागून कात्री घेतली. मावशी नुसती बघत राहिली.

"तुमची नेहमी अशीच गाठ बसते?"

"बुटांच्या नाड्यासुद्धा बायको सोडते," तो ओशाळून म्हणाला. मग एकदम कात्री टेबलावर ठेवून तो वळला. "दादा त्या संध्याकाळी काहीतरी बोलला होता. दरवाजाशी उभा राहून भिंतीवर हात फिरवत होता. म्हणाला, 'ही पडझड नाही. पडलेला दगड खाली सापडतो. इथे खाली काहीच नाही.' मला कंटाळा आला होता, मी ऐकून सोडून दिलं. रात्री तो व्हरांड्यात कुणाशी तरी तेच बोलत होता. मी तोवर गोळीच्या गुंगीत होतो. वहिनीला विचारा, तिने ऐकलं असेल."

४

वहिनीने दार उघडलं ते भांडणाच्या तयारीनेच. अंत्ययात्रेत तिने सगळ्यांसमोर भाचीला खुनी म्हटलं होतं, आणि ते मावशीने विसरलेलं नाही हे तिला दिसत होतं.

"तिची बाजू घ्यायला आलात?"

"रविवारी पहाटे काय झालं ते विचारायला आले. बाजू कुणाची ते नंतर ठरवू."

घरात कुठल्याच खोलीत दिवा नव्हता. सोफ्यावर त्याचा स्वेटर तसाच पडलेला होता आणि ती त्याच्या शेजारी अंग चोरून बसली, जणू तिथे कुणी बसलेलं आहे. मावशीला तिची दया आली. पण दया आणि राग एकाच वेळी येऊ शकतात, आणि मावशीला दोन्ही येत होते.

"मी रात्रभर जागी होते," ती सांगू लागली. "पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की झोप शक्यच नव्हती. तुमची भाची दाराशी गादी टाकून पडली होती, बाहेर जायचं तर तिला ओलांडूनच जावं लागायचं. तिला बघून माझा जळफळाट होत होता. काय ती झोप. पाऊस थांबला तरी हलली नाही. हे निघाले, मला हाक मारून गेले, तेव्हा ती उठली आणि स्टोव्ह पेटवायला लागली. माणूस मरायला निघालाय आणि ही चहा टाकतेय."

"म्हणजे पाऊस थांबल्यापासून ते जाईपर्यंत ती खोलीतच होती?"

"सांगितलं ना. डोळ्यांसमोर होती."

मावशीने मान हलवली आणि हे वाक्य नीट घडी घालून मनात ठेवलं. "रात्री व्हरांड्यात ते कुणाशी बोलत होते?"

"काकांशी. पावसात काही नीट ऐकू आलं नाही. आत आले ते गप्प होते. मी विचारलं, तर म्हणाले, 'माणसं ओळखण्यात मी कच्चाच. उद्या खाली गेलो की कळवावं लागेल.' कुणाला, काय, ते बोलले नाहीत."  मग तिचा आवाज चिरकला. "तुम्ही त्या मुलीला सोडवाल. तुमचे लोक आहेत तिथे. माझं कोण आहे?"

मावशी उंबऱ्यावर थांबली. "तुमच्या नवऱ्याला कुणी मारलं असेल, तर त्याला मी सोडणार नाही," ती म्हणाली. "एवढं आहे माझ्या हातात."

"मारलं?" वहिनी उठून उभी राहिली. "तुम्ही मारलं म्हणालात?"

५

क्लबचं ऑफिस म्हणजे एक लांबट खोली. भिंतीवर दोरखंड, हेल्मेटं, जुन्या सहलींचे फोटो. प्रत्येक फोटोत काका अगदी मागे, हसत, गळ्यात पांढरा पंचा टाकून. आत्ताही तोच पंचा गळ्यात होता. मावशीला बघताच त्यांनी लगबगीने खुर्ची पुढे केली.

"ताई, पोरगी कशी आहे? जेवते का? मला रात्र रात्र झोप नाही. मीच शिकवलं हो तिला. हाताला धरून शिकवलं."

त्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं. पंच्याच्या टोकाने त्यांनी ते टिपलं. पंच्यावर दोन-तीन फिकट गुलाबी डाग होते.

"लागलं का कुठे?" मावशीने विचारलं.

"कुठे? हां, हे. त्या दिवशी धावपळीत बोट कापलं. रक्त आहे, धुतलं तरी जात नाही." त्यांनी पंचा गुंडाळून घेतला. "ताई, स्पष्ट बोलू का? तिला सही करू दे. लहान आहे, चूक होते. वकील मी देतो, क्लब तिच्या पाठीशी उभा राहील. लढायला गेलात तर जिंदगीभर 'खुनी, खुनी' ऐकत बसेल."

मावशी ज्या रागाने आली होती तो क्षणभर ढिला पडला. एवढ्या दिवसांत भाचीबद्दल प्रेमाने बोलणारा हा पहिलाच माणूस भेटला होता.

"आर्किटेक्ट रात्री तुमच्याशी काय बोलत होते?"

"धुक्याचं. सूर्य दिसेल की नाही, किती वाजता निघू, हेच."

"आणि फिती? तुम्ही सोडल्या नाहीत रविवारी?"

"अहो कसल्या फिती अन् काय. माणूस गेला होता. एका फितीला हात लावला असेल तर शपथ. पोलीस येईपर्यंत आम्ही सगळे एकत्रच होतो, मग त्यांनी वाट बंद केली."

मावशी पायऱ्या उतरून रस्त्यावर आली. बेकरीसमोर उभी राहून तिने दोन वेळा नाक शिंकरलं. आपण रडवेले झालो याची तिला चीड आली होती. आणि मग, पावाच्या लाद्यांकडे बघता बघता, आपण नेमक्या कशाने अस्वस्थ झालोय ते तिला कळलं. तिने आयुष्यात ढिगाने रक्ताचे कपडे बघितले होते. चार दिवसांच्या रक्ताचा डाग तपकिरी असतो. गुलाबी होत्या त्या तिच्या चादरी.

ती तशीच घरी गेली आणि भाचीला म्हणाली, "बूट घाल. वर जायचंय."

६

चढताना मावशीने दर वळणावर एकेका माणसाचा उद्धार केला. फौजदाराचा, हवालदाराचा, हा डोंगर इतका उंच ठेवणाऱ्याचा. भाची पुढे चालत होती. मान खाली होती, पण पाय आपोआप योग्य दगडावर पडत होते. जंगल धुतल्यासारखं स्वच्छ होतं. फांद्यांच्या फटीतून मध्येच खालची दरी दिसायची आणि पुन्हा झाकली जायची.

"ह्या फिती कुठून आणल्यास?" मावशीने धापा टाकत विचारलं.

"दरवेळी पिवळ्या प्लास्टिकच्या असतात. त्या संपल्या होत्या. घरातला जुना लाल पडदा होता ना, तो शुक्रवारी फाडला. मी एकटीनेच. कुणाला सांगितलंही नव्हतं."

"माझा पडदा?"

"जुना होता, मावशी."

मावशीने पडद्याचा विषय पुढच्या भांडणासाठी राखून ठेवला. "काका फार थकलेत का गं आताशा? वर्षभर डोंगर चढत असतात तरी."

"चढताना नाही. चढताना तर गाणी म्हणत येतात. उतरताना मात्र दर टप्प्यावर सॅक टेकवून बसतात."

मावशी थबकली. "डबे खाल्लेले, पाणी प्यालेलं, आणि सॅक उतरताना जड?"

 दरवाजा आला होता.

मावशीने भिंत बघितली. कोरीव पट्ट्यात फुलं होती, हंस होते, आणि मधूनमधून हाताच्या पंजाएवढे चौकोनी खड्डे होते. काही खड्डे जुने, शेवाळलेले. काहींच्या कडा ताज्या, पांढऱ्या, छिन्नीच्या खुणांसकट. खाली जमिनीवर एकही तुकडा नव्हता.

ती आत गेली आणि डावीकडे वळली. भाची दरवाजातच उभी राहिली.

"ये इकडे."

"नको."

"ये म्हणते ना."

डाव्या वाटेवरच्या पहिल्या झाडावर फीत नव्हती. पण फिकट करड्या सालीवर, छातीच्या उंचीवर, एक लाल पट्टा उमटलेला होता, आणि त्याच्याखाली रंगाचे ओघळ उतरले होते. पुढच्या झाडावरही तेच. त्याच्या पुढच्याही. कठड्यापर्यंत.

भाचीने पहिल्या ओघळावर बोट ठेवलं. 

"पडद्याचा रंग कच्चा होता," मावशी म्हणाली. "रात्रभर पाऊस पडला तेव्हा तुझ्या फिती इथे होत्या. डाव्या वाटेवर. बरोबर वाटेवर. कळलं?"

मग दोघी हवालदाराने लावलेल्या पट्टीखालून वाकून बुरुजाच्या वाटेवर गेल्या. तिथे फिती होत्या, सुकून आखडलेल्या. त्यांच्याखाली सालीवर ओघळ नव्हते. मावशीने हात लावला नाही, नुसती एकेका झाडाभोवती फिरली. खालून येताना लाल पट्टा दिसत होता, पण गाठ दिसत नव्हती. गाठ पलीकडून होती, बुरुजाच्या बाजूने. प्रत्येक झाडावर.

"तू चढताना बांधतेस तेव्हा गाठ कुठे येते?"

"माझ्यासमोर. खालच्या बाजूला," भाची म्हणाली. मग तीही फिरली आणि तिने बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "ह्या उतरताना बांधल्यात. पण उतरताना फितींना हात लावणारा आमच्यात एकच माणूस आहे."

७

दुसऱ्या दिवशी फौजदाराच्या खोलीत सगळे जमले. सहीचा कागद टेबलावर पेपरवेटखाली तयार होता. काका भाचीच्या पाठीवर हात ठेवून बसले होते, आणि मावशीने तिला बजावून ठेवलं होतं की तो हात झटकायचा नाही. ते बघणं मावशीला फार जड गेलं.

"सहीच्या आधी पाच मिनिटं मला दे," ती फौजदाराला म्हणाली. त्याची नाही म्हणायची हिंमत झाली नाही. सकाळीच तिने त्याला डोंगर चढायला लावला होता आणि त्याचे पाय अजून थरथरत होते.

"फिती आधी डाव्या वाटेवर होत्या. झाडांवर रंग उतरलाय, ह्या फौजदारानेही बघितला. म्हणजे त्या पाऊस लागून गेल्यावर हलवल्या. उजवीकडच्या झाडांवर ओघळ नाहीत, म्हणजे तिथे त्या पाऊस थांबल्यावर आल्या. पाऊस थांबल्यापासून आर्किटेक्ट निघेपर्यंत भाची कुठे होती?" मावशी वहिनीकडे वळली. "सांगा. मला सांगितलंत तसंच."

 आपण काय बोलून बसलो होतो ते आत्ता वहिनीच्या ध्यानात आलं. "खोलीत," ती कशीबशी म्हणाली. "माझ्यासमोर. मी नजर काढली नव्हती तिच्यावरून."

"मग ती गाठ बांधता येणारे राहिले किती? ह्या धाकट्याला स्वतःच्या नाड्या सोडता येत नाहीत. वहिनींनी क्लबची फीत त्या दिवशी पहिल्यांदा बघितली."

काकांचा हात भाचीच्या पाठीवरून खाली आला. "ताई, दुःखात माणूस काहीही बोलतो. मी समजू शकतो."

"तुम्ही समजाच. नव्या फितीचा रंग जातो हे तुम्हाला कळायचा संबंध नव्हता. वर्षानुवर्षं प्लास्टिकच्याच सोडल्यात तुम्ही. त्या पहाटे भिजलेल्या फिती गोळा केल्यात, हात लाल झाले, सवयीने पंच्याला पुसलेत. मला म्हणालात रक्त आहे. परत म्हणालात, रविवारी एकाही फितीला हात लावला नाही. मग माझ्या पडद्याचा रंग तुमच्या गळ्यात कसा आला?"

काकांनी पंच्याकडे बघितलं नाही. बाकी सगळ्यांनी बघितलं.

"आणि गाठी. पुढे चालणारा चढताना बांधतो, त्याच्या गाठी खालच्या अंगाला येतात. ह्या सगळ्या वरच्या अंगाला आहेत. तुम्ही आधी बुरुजाच्या टोकापर्यंत गेलात आणि बांधत बांधत खाली आलात, कारण तुमच्या हाताला फितीचं काम उतरतानाच ठाऊक आहे. शेपूट ना तुम्ही. सगळे पुढे गेले की किल्ल्यात मागे एकटं राहणारा माणूस. एक कोरीव हंस काढायला छिन्नीचे चार ठोके पुरतात. आर्किटेक्टने ते खड्डे पहिल्याच संध्याकाळी ओळखले, आणि बिचाऱ्याने सज्जनपणे आधी तुम्हालाच सांगितलं."

"पुरावा आहे?" काका शांतपणे म्हणाले.

फौजदार खाकरला. पुढचं वाक्य आपण म्हणायचं असं मावशीशी ठरलं होतं, आणि ते त्याने मान खाली घालून म्हटलं. "तुमच्या घरामागची खोली अर्ध्या तासापूर्वी उघडलीय. हवालदाराचा फोन आला. दगड आहेत. पेंढ्यात गुंडाळून ठेवलेत."

 वहिनी जागेवरून उठली होती आणि धाकट्या दिराने तिचे दोन्ही हात धरून ठेवले होते. काकांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. ते भाचीकडे वळले, आणि त्यांचा आवाज पूर्वीसारखाच मऊ होता.

"पोरी, तुला मी काही होऊ दिलं नसतं. वकील बघून ठेवला होता. चार-सहा महिन्यांचा प्रश्न होता. तू तरुण आहेस, तुझं सगळं आयुष्य पडलंय. माझं नाव गेलं असतं तर काय उरलं असतं?"

मावशी खुर्चीतून अर्धी उठली. पण भाची तिच्याआधी उभी राहिली होती. रविवारपासून पडलेली तिची मान वर आली होती आणि कानापर्यंत रक्त चढलं होतं.

"चार रात्री मी स्वतःला विचारतेय की मी माणूस कसा मारला," ती म्हणाली. "डोळे मिटले की मला माझे हात दिसतात. उजव्या वाटेवर बांधताना दिसतात. जे मी कधी केलंच नाही ते मला आठवायला लागलं होतं, काका. आणि तुम्ही रोज फोन करून विचारत होता, जेवलीस का."

तिने पेपरवेट उचलला, खालचा कागद काढला आणि फाडला नाही. फौजदारासमोर उलटा करून ठेवला.

"ह्याच्या पाठीवर लिहा. माझ्या फिती बरोबर होत्या. तुम्ही सही करा. आणि ज्यांच्या ज्यांच्यासमोर मला बोललात, त्यांच्यासमोर वाचून दाखवा."

"अगं, ते रीतसर..." फौजदार सुरू झाला.

"लिही," मावशी म्हणाली. त्याने पेन शोधलं.

८

आठवडाभराने वहिनी आली. मावशी दार उघडून बाजूला झाली, पण स्वयंपाकघरात गेली नाही. ऐकू येईल इतक्या अंतरावर उगाच खुर्ची पुसत उभी राहिली.

वहिनी आत आली नाही. दारातूनच भाचीला म्हणाली, "माझं चुकलं. मी सगळ्यांसमोर बोलले, तसं सगळ्यांसमोर चुकले म्हणेन. पण आज दुसऱ्या कामाला आले. त्यांना तो कडा बघायचा होता. त्यांचं राहिलं. मला एकदा तिथे नेशील? दुसऱ्या कुणाबरोबर जायची मला भीती वाटते."

 मावशीला वाटलं, आता ही पोर विरघळणार, 'असू दे, असू दे' म्हणणार, आणि मग आपणच मध्ये पडून दोघींना झापावं लागणार.

"नेईन," भाची म्हणाली. "पण आज नाही. आज मला तुमचा राग आहे. तुम्ही त्यांच्या चितेसमोर मला खुनी म्हणालात आणि मी ते खरं मानलं."

"बरं. मग उद्या येते."

"उद्याही असेल राग."

"मग परवा येते," वहिनी म्हणाली. तिने पदराने डोळे पुसले नाहीत, तशीच उभी राहिली.

भाचीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि नजर तिच्या पायांवर थांबली.

"येताना बूट घालून या," ती म्हणाली. "दरवाजाच्या पुढे वाट निसरडी आहे. ह्या चपलांवर मी तुम्हाला नेणार नाही."